तांबडीची चंदी

आप्पा, गेल्या आठवड्यात आपल्या धाकटीच्या तळावर जाऊन आले. तुमच्याच तळावर म्हणा. जांबोटीच्या पुढं ओढ्याला लागून ती मोकळी जागा होती ना, जिथं तुम्ही दर पौषात घोडी घेऊन जायचात, तिथंच आता वनखात्याची परवानगी काढून ती लोकांना नेते. पुण्याची, बेंगळुरूची माणसं येतात, घोड्यावर बसून रान हिंडतात, तंबूत राहतात. वीज नाही, फोनला रेंज नाही, न्हाणीघर पत्र्याचं. या गैरसोयीचंच लोकांना अप्रूप. मी बावीस वर्षं ते टाळलं. कधी शाळेच्या परीक्षा, कधी गुडघा, कधी नुसतंच नको. या वेळी तिनं फोनवर इतकं लावून धरलं की नाही म्हणायला काही सुचलं नाही. निपाणीहून बेळगावपर्यंत बसनं गेले आणि पुढं तिच्या जीपमधून. जीप तीच चालवते. रस्त्यात एका टपरीपाशी थांबलो तर तिथल्या बाईनं आतूनच हाक मारली, "कुदुरे अक्का, चहा?" कानडीत कुदुरे म्हणजे घोडा. घोड्यांची अक्का. आसपासच्या सगळ्या गावांत तिला हेच नाव पडलंय म्हणे. खरं सांगते, मी चहा अर्धा तसाच टाकला. आपल्या घरातली आक्का मी आहे, आप्पा. बोबडं बोलायला लागली तेव्हापासून ती मला आक्का म्हणते. तेवढं एक नाव माझं होतं, तेही तिनं जाता जाता उचललं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

हे असंच चालत आलंय. तिनं कधी माझं काही ओढून घेतलं नाही. गोष्टी आपल्या पायांनी तिच्याकडं चालत गेल्या. त्यात पहिले तुम्ही. फौजेतून घोड्या-खेचरांची नोकरी करून परत आलात, काकतीला घरामागं पत्र्याची पागा घातलीत, आणि पांढऱ्या दोघी व तांबडी लग्नाच्या वरातींना द्यायला लागलात. तुळशीच्या लग्नानंतर जी झुंबड उडायची ती पौष लागेपर्यंत. पौषात लग्नं नाहीत. बाकीचे घोडेवाले त्या महिन्यात जनावरं भाड्यानं कुठं लागतात का बघायचे. तुम्ही म्हणायचात, "बॅन्डच्या आवाजानं घोड्यांची डोकी पिकलीत, त्यास्नी जरा रान दाखवून आणू," आणि आईकडून भाकरी, खर्डा, शेंगाची चटणी बांधून घेऊन आठवडाभर रानात. घरच्या लोकांपेक्षा घोड्यांच्या सुट्टीची काळजी असणारा माणूस, असं आई म्हणायची. ती चेष्टेत म्हणायची. मी मनापासून म्हणत होते.

मी तेरा वर्षांची, ती दहाची. आम्हा दोघींना तुम्ही पहिल्यांदा बरोबर नेलंत ते साल. मी आदल्या रात्री तुमच्या सगळ्या सूचना वहीत लिहून घेतल्या होत्या. घोड्याच्या मागून जायचं नाही. तळावर पोचल्यावर आधी घोडा, मग माणूस. आधी पाणी, मग चंदी. चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, आपल्याकडं हरभरा, तोही भिजवलेला. कोरडा हरभरा खाऊन वर पाणी प्याला की तो पोटात फुगतो आणि घोडा मरतो. हे सगळं मला धाकटीपेक्षा स्वच्छ पाठ होतं. वाटेत तुम्ही विचारलंत आणि मी घडाघडा म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "शाब्बास. तू अभ्यासाची पोर हाईस." आणि दोन झाडांच्या मध्ये दावण बांधलीत, तिन्ही घोडी ओळीनं अडकवलीत, आणि दावण सांभाळायचं काम दिलंत तिला. जिला एकही सूचना धड सांगता आली नव्हती तिला! मला म्हणालात, "तू चुलीकडं बघ गं, तुला घोड्याची भीती वाटतीया." मला भीती वाटत नव्हती. तांबडीला मी नको होते, एवढंच होतं. मी जवळ गेले की ती कान मागं पाडायची. धाकटी गेली की मान खाली घालून तिच्या खिशात तोंड खुपसायची. दोर न लावता तिच्या मागं ओढ्यापर्यंत चालत जायची. तुम्ही लांबून ते बघत असायचात आणि तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पहिला नंबर काढला तेव्हाही बघितलं नव्हतं. मी चुलीत लाकूड सारायचे आणि डोळ्यांत धूर गेला म्हणायचे.

तिसऱ्या दिवशीची दुपार. तुम्ही वाळकी लाकडं आणायला गेलाय, धाकटी दगडावर कपडे वाळत घालतीय. मी पोत्यातून कोरडा हरभरा काढते, अर्ध्याच्या वर तोबरा भरते आणि तांबडीच्या तोंडाला अडकवते. मला फक्त एवढंच हवंय की तिनं एकदा माझ्याकडं बघून कान पुढं करावेत. आणि ती करते, आप्पा. कुडुम कुडुम आवाज करत खाते, संपवते, आणि तोबरा काढल्यावर कपाळ माझ्या खांद्याला घासते. इतकी जोरात की मी एक पाऊल मागं जाते. मला रडू आलं होतं त्या वेळी, आनंदानं. तोबरा मी होता तिथं खुंटाला अडकवला आणि चुलीपाशी येऊन बसले. इथवर लहान मुलाचं वेड म्हणून सोडून देता येईल. पुढचं नाही. थोड्या वेळानं धाकटी आली, दावणीवरून तांबडीला सोडलं आणि रोजच्यासारखी पाण्याला घेऊन निघाली. माझ्यासमोरून गेली. मला नियम पाठ होता. "आत्ता पाजू नकोस" एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिनं का विचारलं असतं, आणि मग चोरून चंदी दिल्याचं सांगावं लागलं असतं, आणि तुम्ही हसला असतात. मी भाकरीचं पीठ मळत राहिले. तांबडी पोटभर पाणी प्याली.

तासाभरात ती पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून आपल्याच पोटाकडं बघायची. मग घामानं काळी पडली आणि खाली बसायला बघू लागली. तुम्ही लाकडाचा भारा तिथंच टाकलात. तिला बसू दिलं नाहीत, त्या मोकळ्या जागेत गोल गोल चालवत राहिलात, एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला धाकटी. हिंग-ओवा घालून कोमट केलेलं तेल तुम्ही बांबूच्या नळीनं तिच्या घशात ओतलंत. ते तेल मी गरम करून दिलं होतं.  दिवस मावळायच्या बेताला तिनं एकदाची लीद टाकली आणि तुम्ही तिच्या मानेला मिठी मारून मोठ्यानं रडलात. फौजेतला माणूस असा रडलेला मी त्याआधी बघितला नव्हता. मग तुमची नजर खुंटावरच्या तोबऱ्याकडं गेली. तळाशी चार-दोन हरभरे चिकटून राहिले होते.

"चंदी देऊन पाणी दाखवलंस?" तुम्ही धाकटीला विचारलंत.

"न्हाय आप्पा. मी चंदी दिलीच न्हाय."

"मग तोबऱ्यात आपोआप आली व्हय? चूक झाली तर झाली म्हणावं. घोड्यापाशी राहून खोटं बोलतीस? आजपासनं दावणीला हात लावायचा न्हाय. लीद काढायची फक्त."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी घोड्यांजवळ जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं माझा संशय यायचं कारणच नव्हतं. ती हुंदके देत टोपली घेऊन गेली. तुम्ही माझ्याकडं वळलात आणि म्हणालात, "उद्यापासनं दावण तू बघ. तुला नियम तरी म्हाईत हाईत." मी मान हलवली. त्या क्षणी मला अपराधी वाटलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मला विजय झाल्यासारखं वाटलं होतं. अपराधी वाटायला काही महिने गेले.

आणि तो विजयही माझ्या हाताला लागला नाही बघा. वर्षभर दावण माझ्याकडं होती. गाठी व्यवस्थित मारायचे, वेळेवर पाणी, वेळेवर चंदी. तांबडी मला सहन करायची. खांद्याला कपाळ काही तिनं पुन्हा घासलं नाही. धाकटी रोज सकाळी टोपली घेऊन लीद काढायची, आणि एक दिवस तुम्ही गमतीनं विचारलंत, "काय म्हणती आजची लीद?" ती म्हणाली, "धाकल्या पांढरीची कोरडी हाय आप्पा, पाणी कमी पितीया." तुम्ही जाऊन बघितलंत तर खरंच होतं. मग ते रोजचंच झालं. सकाळी चहाच्या आधी तुम्ही दोघं पागेच्या दारात उभे राहून लिदीवर असं बोलायचात, जशी दुसरी माणसं पेपरातल्या बातम्यांवर बोलतात. तुम्ही तिला शिक्षा केली होती, आप्पा! त्या शिक्षेतूनही तुमचं दोघांचं काहीतरी निघालं आणि मी दोर हातात घेऊन बाहेर उभी. पुढचा पौष यायच्या आत मी दहावीचं वर्ष जवळ आलंय असं निमित्त काढून दावण सोडली. दहावीला अजून वर्ष होतं. तुम्ही लगेच हो म्हणालात. एकदा तरी "कशाला गं" म्हणायचं होतं.

आता तिच्याकडं सहा घोडी आहेत. त्यांतल्या दोन वरातीतून म्हाताऱ्या झालेल्या, कुणी सांभाळेना म्हणून आणलेल्या. ती पाहुण्यांना पोचल्या पोचल्या सांगते, "आधी घोडा, मग माणूस," आणि मोठमोठ्या पगाराची माणसं चहाचं नाव न काढता निमूटपणे बादल्या उचलतात. उभं राहायची ढब तुमची, ओठ दुमडून हाक मारायची तीही तुमची. चंदीची तिनं पत्र्याची पेटी केलीय आणि किल्ली गळ्यात दोऱ्याला बांधून ठेवते, मंगळसूत्राच्या शेजारी. एका पाहुणीनं त्याचं कारण विचारलं तर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या हातनं एकदा चूक झालती. लहान होते. घोडी मरता मरता वाचली, आणि मी आप्पांशी खोटं बोलले. तवापासनं किल्ली गळ्यात." लोक गंभीर झाले. मी पोह्यांची बशी हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओढ्यावर भांडी घासत होतो. मी राखेनं, ती पाण्यानं. बाकी कुणी नव्हतं. ती एकाएकी म्हणाली, "आक्का, एक इचारू? त्या तांबडीचं. मला लई वर्सं वाटायचं की मी चंदी दिलीच नव्हती. अगदी डोळ्यासमोर येतंय, मी कपडे वाळत घालत होते. पण आप्पा कशाला उगीच बोलतील? माझ्याच हातनं झालं असणार, इसरलं असणार. तू होतीस की तिथं. तुला काय आठवतंय गं?"

यापेक्षा सोपं कुणी कुणाला काय करून देणार? तिनं दार उघडून धरलं होतं. रागावलीही नसती ती, मला ओळखून आहे, कदाचित हसली असती. माझ्या हातात तुमचंच जुनं पितळी ताट होतं. मी ते घासत राहिले आणि म्हणाले, "व्हय. तूच दिलतीस. मी बघितलं होतं."

तिनं हातातलं पातेलं दगडावर पालथं घातलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मनात उगीच शंका राहिलती की आप्पा चुकले." आणि ताट माझ्या हातातून घेऊन तिनं ते धुतलं.

दुपारी तिनं मला जांबोटीला बसमध्ये बसवून दिलं. जाताना घरच्या लिंबाचं लोणचं दिलं, गुडघ्याला तेल लाव म्हणाली. त्याला आज आठ दिवस झाले. शाळेत जाते, वर्गात फळ्यासमोर उभी राहते, आणि तिचं ते "बरं झालं" कानातून जात नाही. चाळीस वर्षं तिच्या मनात एक खरी गोष्ट तग धरून होती, आणि ती मी ओढ्यावर बसून दोन वाक्यांत मोडली.

हे पत्र मी खरं तर तिला लिहायला बसले होते. वर तिचं नाव घातलं, "तांबडीला चंदी मी दिली होती" एवढं लिहिलं, मग तो कागद फाडला आणि नव्यावर "आप्पा" लिहिलं, कारण तुम्ही गेलात, आता वाचणार नाही. तिचा पत्ता मला पाठ आहे. पण उभ्या जन्मात तुम्ही तिच्यावर एकदाच चिडलात आणि त्याच दिवशी माझ्यावर एकदाच भरवसा टाकलात. खरं सांगितलं तर तो दिवसही तिचाच होईल. माझ्याच्यानं तो अजून देववत नाही.