मिरच्यांच्या पोत्यातला दगड

आबा, परवा मिरच्यांचं पोतं बदललं. जुन्या मिरच्या काढल्या, दगड पुसला आणि नव्या मिरच्यांत पुन्हा पुरला. तुम्ही गेल्यापासून दर वर्षी हेच करते. घरच्यांना वाटतं, मला दोंडाईच्याच्या मिरचीचं वेड आहे.

हा दगड आभाळातून पडला तेव्हा, ऐंशीच्या दशकात, मी धुळ्याला कॉलेजात भूशास्त्र शिकत होते. भर दुपारी, आभाळात ढग नसताना गडगडलं आणि खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्यांत काळा दगड येऊन रुतला. तुमचं मात्र भलतंच! दुसऱ्या दिवशी त्याच्या फुटक्या कडेवर विळ्याला धार लावायला बसलात. धार राहिली बाजूला, विळ्यालाच खाचा पडल्या. तेव्हा घाबरलात आणि मला बोलावून घेतलंत. त्याचा एक कपचा मी कॉलेजात नेला. कापता कापता सरांची करवत अडली. सर आधी हसले, मग त्यांनी कपचा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. म्हणाले, यात ऑलिव्हिन, पायरॉक्सीन ही खनिजं आहेत, मधल्या फटींत काळं ग्राफाइट आहे आणि त्या ग्राफाइटात डोळ्यांना न दिसणारे हिरे. असा दगड फार क्वचित सापडतो. कुठल्याशा लहान ग्रहाच्या पोटातला हा. धडक बसून तो ग्रह फुटला आणि बहुधा त्या दणक्यानेच ग्राफाइटचे हिरे झाले.

मी धावत घरी येऊन हौसेने सांगतेय, आणि तुम्ही उठून दाराला कडी लावताय.

“कोनले सांगू नको. हिरा म्हनं का बठ्ठं गाव घन लिसन ई.”

मी म्हटलं, अख्खं गाव घण घेऊन कशाला येईल, हिरे धुळीच्या कणाएवढे आहेत, कुणाच्या हाती काही लागायचं नाही.

“हाई त्यास्ले दगड फोडावरच समजी. काही नही सापडनं का मंग माले फोडतीन.”

दगडानंतर तुम्हालाच फोडतील या धास्तीने तुम्ही तो मिरच्यांच्या पोत्यात खोल खुपसलात. “आठे कोन हात घाली?” त्यानंतर दार वाजलं की तुम्ही आधी पोत्याकडे बघायचात, शेवटच्या आजारातसुद्धा. मला तुमची कीव यायची.

या कागदावर हिरा हा शब्द आलाय, म्हणून तो ठेवता यायचा नाही, चुलीत घालीन. परवा दगड पुसत असताना कडी वाजली आणि माझी नजर आधी पोत्याकडे गेली. दारात माझाच मुलगा होता. “आई, काय लपवतेस?” हसतच विचारलं त्याने. मला त्याचीही भीती वाटली, आबा.