सोनबाभाऊच्या दारात वाचायचा कागद

१२ एप्रिल १९५४, सोमवार
तलाव आटत आला, आज पहिली जाळी पडली. आधी देवीला कोंबडा, मग प्रत्येक जाळ्याला शेंदूर, नेहमीप्रमाणे. सोनबाभाऊने जाळं मागे घेतलं. पार्वतीचा थोरला भाऊ, नात्याने माझा साळा.
मुखिया म्हणाला, "काऊन रे, बाटलं का तुहं जाळं?"
"मी येशूचा झालो. आता शेंदूर नाई लावत."
सगळे माझ्याकडे वळले. "तू बी गेल्ता ना त्याच्यासंगं नदीवर?"
"मी बैल पाहाले गेल्तो," म्हटलं आणि जाळं पुढे केलं. बाप्तिस्मा दोघांचा एकाच दिवशी, एकाच पाण्यात झाला. बैल म्हणे! माझ्याकडे गोठासुद्धा नाही.

१४ एप्रिल, बुधवार
पंच बसले. सो.भाऊला तलाव बंद, विहीर बंद, विस्तवही कोणी द्यायचा नाही. आम्हा ढिवरांत लिहिता येणारा मी एकटा, म्हणून कागद मी लिहिला. मुखिया म्हणाला, "अक्षर बाकी झकास." मला बरं वाटलं. क्षणभर, पण वाटलंच.

१६ एप्रिल, शुक्रवार
प्रभूला खिळलं तो दिवस. नागभीडला पाद्रीबाबांकडे गेलो नाही. माझ्या वाट्याला दोन मरळ आले. पार्वतीने हात लावला नाही. "माह्या भावाच्या चुलीत इस्तो नाई, अन् मी इथी मासे रांधू?" तिला माझ्या बाप्तिस्म्याचं ठाऊक नाही. सांगायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. मासे मीच भाजले. खाल्लेही.

१८ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
सो.भाऊ नदीवरून कावडीने पाणी आणताना भेटला. खांदा सोलला आहे.
"कागद तूच लिवला ना?"
"हो."
"लिवणारा दुसरा आहेच कोण!" हसला. माझं नाव त्याने अजून पंचांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर या लपवालपवीतून मी सुटलो असतो. मग म्हणाला, "मले वाचता येत नाई, अन् पुस्तक तुह्याकडं. प्रभू उठला तेवढं आज वाचून दे. घरी ये."
येतो म्हटलं. गेलो नाही. लाज वाटते, आणि तरी गेलो नाही.

१९ एप्रिल, सोमवार
मुखियाने बोलावलं. उद्या सकाळी सो.भाऊच्या दारात सर्वांसमोर कागद वाचायचा. वाचणार मी. लगेच हो म्हणून कागद घेऊन आलो. 'हो' किती चटकन येतं मला.
पार्वतीने विचारलं, "माह्या भावाच्या दारी उद्या काय वाचसान?"
पेटीच्या तळातून पुस्तक काढलं, तिच्यादेखत. तिने पाहिलं. कागद सदऱ्याच्या खिशातच आहे.