‘फॉर गुड’ म्हणजे चांगलं न्हाई

बंगळुरू

आईच्या पायावर दिपालीचा माथा.

मी खुशाल हाय, पोटभर जेवायलेय. तुझा गुडघा कसाय?

बिरदेवदादाच्या लग्नाला रजा मागितली, तर दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणल्या, “गोइंग फॉर गुड?” मला वाटलं, चांगल्या कामाला चाललीस का, असं इचारायल्यात. मी हसत “येस” म्हणले. त्यांचा चेहराच उतरला.

संगं काम करणारी राणी म्हणली, “अगं, नुसतं गुड म्हणजे चांगलं. अन् फॉर गुड म्हणजे परत न येण्यासाठी जाणं!”

मी पळतच गेले. “नो सिस्टर, ब्रदर्स वेडिंग!” त्यांनी मला जवळच घेतलं.

आई, मी इकडं निघाले तवा तुझाबी चेहरा असाच उतरला होता. तुला वाटलं का, लेक कायमची चालली?

न्हाई गं. गुरुवारी आपल्या चुडाव्याच्या टेसनावर उतरते.

तुझीच लाडाची,
दिपाली