मागच्या भिंतीचं पोट

१४ एप्रिल २००७
नितिनने कोलंबसच्या डब्लिन उपनगरातलं हे घर विकायला काढलंय. कोलंबस डाउनटाउनजवळच्या जुन्या वस्तीतलं मोठं घर घ्यायचं घाटतंय. आज तिसऱ्यांदा पाहिलं. तीन मजली, लाल विटांचं, सव्वाशे वर्षांचं. तिथून त्याचं ऑफिस चालत दहा मिनिटं. गाडीत मला बजावलं, "बाबा, तिथे काही बोलू नका." बोललो नाही. पण मागच्या भिंतीला पोट आलंय. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, एवढं दिसतं.

२१ एप्रिल
सुतळीला नट बांधून ओळंबा केला, मागच्या भिंतीला सोडला. मधोमध दोन बोटं बाहेर. एजंटबाई काहीतरी बोलून हसली. सूनबाईंनी मराठीत सांगितलं, ती म्हणते या वयात कुणाचंही पोट सुटतं. त्याही हसल्या. ओळंबा खिशात घातला.
सगळी वस्ती हेरिटेज. खिडकीचा रंगसुद्धा कमिटीला विचारून. उद्या ती भिंत उतरवायची वेळ आली तर...

२ मे
घर तपासायला आलेला इन्स्पेक्टर छपरावर होता तेवढ्यात तळघरात उतरलो. त्याच भिंतीला पायाशी चीर. तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने बसवली. भिंत हलत असली तर काच तडकते. साइटवर आम्ही तीन लावायचो. आज एकच होती.

९ मे
रिपोर्ट आला. भिंत पूर्वी खचलेली, आता स्थिर. नितिनने मोठ्याने वाचला, मलाच ऐकवायला. ही म्हणाली, "तुम्हाला आजवर कुठली भिंत सरळ दिसलीय?"
नाशिकचा फ्लॅट मीच घेऊ दिला नव्हता. ती बिल्डिंग अजून उभी आहे. हिची बहीण राहते तिथे.
भिंत वाकडी आहे की माझी भीतीच बोलतेय, कळेनासं झालंय.

३० मे
उद्या सह्या. त्याआधी शेवटचं बघायला गेलो. काच तडकलीय. केसाएवढीच. प्लास्टर माझ्याकडून घट्ट झालं होतं, वाळताना ओढ बसली असेल. नसेलही.
नितिन मागून उतरला. "हे कुणी लावलं?"
"मी."
वाकून तडा बघितला. रागावला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. थांबू का?"
आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला विचारलं. प्लास्टरचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.
"थांब," म्हणालो.

४ जून
आणखी एकाला आणून भिंत तपासू, असं नितिनचं म्हणणं. मालक थांबायला तयार नाही. मोडलं. इथल्या अंगणातली विक्रीची पाटी काढली. सूनबाई खोकी उघडून भांडी परत मांडत होत्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या.

११ ऑगस्ट
ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. त्यांच्या इंजिनिअरने भिंत पास केली म्हणे. नितिनने जेवताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. ही म्हणाली, "भात वाढू का?" त्याला. मला नाही.

१६ मार्च २००८
लायब्ररीत जातो सांगून बसने तिथे गेलो. पाचवी खेप. मागच्या गल्लीतून भिंत दिसते. बर्फाने वरच्या विटांमधल्या चुन्याच्या दर्जा सुटल्यात. पोट वाढल्यासारखं वाटलं आणि छाती हलकी झाली. वाटलं, नितिनला आणून दाखवावं.
मग त्याच भिंतीतल्या खिडकीत, काचेवर आतून चिकटवलेली लहान मुलांची चित्रं दिसली.
समोरच्या पायरीवर बसलो. देवाजवळ काय मागत होतो मी इतके महिने.
त्या लोकांना सांगायला हवं. दार वाजवून बोलणार काय, इंग्रजी येत नाही. चार ओळी नितिनकडून लिहून घ्यायच्या. त्यात काचेचं खरं लिहायचं, म्हणजे आधी त्याला प्लास्टरचं सांगायचं.
संध्याकाळी कागद-पेन घेऊन त्याच्याजवळ गेलो.
"काय बाबा?"
काही नाही म्हणालो, शेजारी बसून हे लिहायला घेतलं. त्याने टीव्ही बंद केला. अजून माझ्याकडे बघतोय.