चिठ्ठी तळहाताकडे

दापोडी, १९५६

तीर्थरूप आईस, ज्योतीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. तू पेढे वाटशील, खुशाल वाट. माझं मात्र डोकं फिरलंय.

शिकताना मी कॉलेजातलं रसायनांचं स्टोअर सांभाळायचो, ते तुला ठाऊक आहेच. तिथं हाताला एक वळण लागलं. ओतताना बाटलीवरची चिठ्ठी तळहाताकडे ठेवायची, म्हणजे ओघळानं नाव जळत नाही. बूच टेबलावर टेकवायचं नाही, बोटांतच धरायचं.

मुलाखतीत साहेबांनी अ‍ॅसिड ओतायला लावलं. मी ओतलं. साहेब खूश! "स्टोअरमध्ये काम केलेलं दिसतंय. मग तुम्हाला स्टोअरच देतो." माझ्या वर्गातल्या केशवनं निम्मं टेबलावर सांडलं, त्याला प्रयोगशाळा!

पुन्हा बाटल्याच पुसायच्या होत्या, तर बी.एस्सी. कशाला झालो गं?

खोकला आहे, पण धुळीचा. काळजी करू नकोस. आबांचा गुडघा कसा आहे?

काल खानावळीत तेलाची बाटलीसुद्धा तशीच धरली. सगळे हसले. हाताचं वळण सुटत नाही, असं तूच म्हणायचीस ना? मग ते मोडायचं कसं, तेवढं कळव.

तुझा,
ज्योतीराम