फियाट चालू होईना

११ एप्रिल १९९९

पुन्हा नाटक! चावी फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, हाताला नुसती थरथर. तिसऱ्यांदा तेच. शेवटी अ‍ॅक्सिलेटर तळाला नेला तेव्हा कुठे बाईसाहेब गरजल्या! रस्त्याला लागली की काही तक्रार नाही, नुसतं उठायचं तिच्या जिवावर येतं.

एरवी सोडून दिलं असतं. पण पुढच्या महिन्यात निताचं लग्न आहे, आणि मी तांड्यात चार लोकांसमोर बोलून बसलोय — माझी धाकटी माझ्याच गाडीतून सासरी जाईल, आणि गाडी मीच चालवणार. सुदाम म्हणतो, "बापू, जीप ठरवू. ऐन टायमाला फजिती नको." माझ्या गाडीची फजिती! एसटीच्या डेपोत उभा जन्म गेला माझा. बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचो, दोन नंबरचा प्लग मेलाय, टॅपेट सैल आहे. ड्रायव्हर लोक पैजा लावायचे. आणि तहसिलीत शिक्के मारणारा हा माझा पोरगा मला जीप सुचवतो.

१३ एप्रिल

प्लग काढले. ओले आणि काळे. पेट्रोल जास्त जातंय. कार्बुरेटर — दुसरं काय असणार! दोन तासांचं काम.

१८ एप्रिल

कार्बुरेटर खोलला, धुतला, जेट फुंकले, फ्लोट पाहिला. बसवला. चावी फिरवली — तेच!!

बायको, शकुंतला, ओट्यावरून हातवारे करत होती. बाई, तोंड दिलंय ना देवानं? मोठ्यानं बोल! या घराला पुटपुटायचा रोग लागलाय. जेवताना पुटपुटतात. टीव्ही बारीक ठेवतात, आणि मी जरा वाढवला की एकमेकांकडे बघतात. निताचं तर बोलायलाच नको. बारावी शिकली, पण तोंडातल्या तोंडात बोलते. सासरी काय होणार हिचं, कोण जाणे.

२१ एप्रिल

माणिकरावच्या गॅरेजला नेली. नाइलाज. हा डेपोत माझ्या हाताखाली टायर लोटायचा, आता दारावर पाटी — 'ऑटो स्पेशालिस्ट'! सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. "कॉइल गेली, मिस्त्री." प्लग बघितला नाही, वायर तपासली नाही. याच्या कपाटात जी वस्तू पडून असते, तीच गिऱ्हाइकाच्या गाडीत बिघडलेली असते. मग स्वतः चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात घेऊन चक्कर मारून आला. अरे गाढवा, मग कॉइल गेली कशी? गरम इंजिन कुणाच्याही हातानं चालू होतं. सकाळी थंड असताना ये म्हणावं, मग बघू तुझी स्पेशालिटी.

२४ एप्रिल

सुदामनं सकाळी थंड गाडी चालू केली. बसला काय, रिव्हर्स घेऊन दाराबाहेर काढली काय! उतरला तो छाती पुढे काढूनच. काल पॉइंट घासले कोणी? पत्ती लावून गॅप कोणी बरोबर केला? बापानं. पण श्रेय यांचं.

त्याच्यामागून मी बसलो. तेच! पाव्हण्यांशी गोड आणि धन्याला लाथा — अशी हलकट गाडी मी आयुष्यात पाहिली नाही.

२५ एप्रिल

कंडेन्सर बदलला. काही फरक नाही.

२७ एप्रिल

शेषरावला शिरड शहापूरहून मुद्दाम बोलावून घेतला. डेपोतला माझा जोडीदार, याला तरी अक्कल असेल म्हणून. बोनेट उघडून तो समोर उभा राहिला, मी चावीवर. फिरवली. पुन्हा फिरवली, तर हा दोन्ही हात वर करून ओरडतोय, "बस! बस!" चावी बंद करून उतरलो. म्हणतो, "मिस्त्री, गाडी बराबर हाय."

बराबर! एवढी वर्षं हातात पाना धरून हे निदान! "मग चालू काहून होऊन नाही राहिली?" म्हटलं, तर माझ्या तोंडाकडे बघतच बसला. चहा पिताना सुदामला कोपऱ्यात घेऊन त्याची काहीतरी गुजगुज चालली होती. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत कीव. मला नाही खपत असलं. म्हातारा झालाय शेषराव, दुसरं काही नाही.

१ मे

आजपासून हिंगोली जिल्हा झाला. चौकात मांडव, पताका, पुढाऱ्यांची गर्दी. स्पीकर लावून पुटपुटणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला! लोक टाळ्या वाजवत होते. काय ऐकून वाजवत होते, त्यांचं त्यांना माहीत.

घरी आलो तर सुदाम समोर येऊन बसला. अगदी तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून, जसं काही मी लेकरू आहे! "बापू, लग्न झालं की नांदेडला जाऊ. कान दाखवून घेऊ." कान! तेव्हा ती कोपऱ्यातली गुजगुज ही होती तर. यांना इंजिन कळेना, म्हणून मिस्त्रीचा कान बिघडला! ट्रक गेलेला मला ऐकू येतो, ढग गडगडलेला ऐकू येतो. ताट सरकवलं आणि उठलो. जेवलो नाही.

५ मे

बॅटरी चार्ज करून आणली. अर्थिंग घासलं. आता राहिला फक्त सेल्फ. तो खोलायला लग्नाआधी वेळ नाही. शकुंतला पापड, मूग, पाहुणे यांतच बुडालेली. मला विचारतं कोण!

निता ओट्यावर बसून मला काम करताना बघत होती. पाणी आणून दिलं. काहीतरी म्हणाली. मी हो म्हटलं.

९ मे

लग्न झालं. पुसेगावला, आमच्या तांड्यात. निताला सिद्धेश्वरला सासरी सोडून आत्ताच परत आलो. डोकं भणभणतंय.

बँडमध्ये एक ढोलवाला तेवढा कामाचा. क्लॅरिनेटवाला नुसते गाल फुगवत होता!

पूर्वी आम्हा बंजाऱ्यांची नवरी बैलावर उभी राहून तांड्याचा निरोप घ्यायची. बैलाच्या जागी आता माझी फियाट. धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. त्याआधी ढावलो. निघताना पोरीनं एकेकाच्या गळ्यात पडायचं, त्याचं नाव घ्यायचं, त्यानं आपल्यासाठी काय काय केलं ते आठवून रडत गायचं. माझी बहीण भागूबाई सासरी गेली तेव्हा तिनं माझ्या गळ्यात पडून म्हटलेला ढावलो मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. गडीमाणसं तोंड फिरवून उभी होती.

आणि ही निता! गळ्यात पडली आणि गप्प! हुंदके तेवढे. माझा खांदा भिजवला, पाठीवर मुठी आवळल्या, पण सूर नाही, शब्द नाही. मी वाट बघितली. खरंच बघितली. आईच्या गळ्यात पडली होती तेव्हाही असंच असेल. शिकलेल्या पोरी! ढावलो म्हणायची लाज वाटते यांना. एवढा लाडानं वाढवला जीव, बापासाठी एक ओळ निघाली नाही. शेवटी मीच तिला बाजूला सारलं. "चल, उशीर होतोय." बाया माझ्याकडे टकामका बघत राहिल्या.

गाडीत बसलो. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा. पुन्हा. सगळे व्याही बघतायत, नवरदेव मागे बसलेला! सुदाम धावत आला, खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. "बापू, सोडा! सोडा म्हणतो ना!" मला बाजूला सरकवून स्वतः बसला आणि निघाला. सिद्धेश्वरपर्यंत मी सामानासारखा शेजारी बसून होतो. बोललो नाही कुणाशी. निताशीही नाही.

११ मे

सेल्फ खोलला. आत टॉर्च मारून बघितलं.

सेल्फ ज्यात अडकतो ते फ्लायव्हीलचे दाते खाल्ले गेलेले. टोकं तुटलेली, कडा ताज्या, चकचकीत. हे एकाच कारणानं होतं. चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला की! याच चुकीसाठी डेपोत नव्या पोरांच्या कानाखाली वाजवली आहे मी. तळपायाची आग मस्तकात गेली. सुदामला हाक मारली, "कोण करतंय हे? चालू गाडीवर सेल्फ मारणारा गाढव कोण?"

सुदाम खाली बघत उभा राहिला.

सुदाम एकदाच चावी फिरवतो. माणिकरावनंही एकदाच फिरवली होती. पुन्हा पुन्हा फिरवणारा या घरात एकच आहे.

सेल्फ तसाच परत बसवला. चावी फिरवली, एकदाच, आणि हात काढून घेतला. काही ऐकू आलं नाही. उतरलो, बोनेटवर तळहात ठेवला. थरथरत होतं. चारही सिलिंडर एकसारखे लागलेले होते. हाताला बरोबर कळत होतं.

सुदामनं चावी बंद केली. हाताखालची थरथर थांबली.

१२ मे

शकुंतलाला विचारलं, "निता माझ्या गळ्यात पडली तवा काही म्हणत होती का?"

ती अगदी कानाशी तोंड आणून ओरडली, "म्हणली की! समद्यात जास्त तुमच्याच गळ्यात पडून म्हणली. समदा तांडा रडला. तुमी ढकललं तवा अर्धाच झाला व्हता."