ड्रायव्हरच्या वाट्याची तीन पिंपं

ब्रिस्टॉल, कनेटिकट
ता. १४ नोव्हेंबर १९९६

चि. क्लोव्हिस यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद देऊन झाले, आता बोलणी खा. तू पाठवलेली भत्त्याच्या अर्जावरच्या निकालाची प्रत आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच बंद केला. एप्रिलअखेर तू कागद कारखाना सोडलास. कॅन्सर यकृतात पसरलाय हे डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं. कायद्यानं थांबायचे ते पाच महिने सप्टेंबरात संपले, म्हणजे ऑक्टोबरपासून अपंगत्वाचा भत्ता सुरू व्हायला हवा. आणि हे शहाणे लिहितात, अर्जदारानं सप्टेंबरच्या हंगामात दोन दिवस ट्रक चालवला, सबब तोवर तो कामाला समर्थ होता. पाच महिने आता ऑक्टोबरपासून मोजायचे आणि भत्ता मार्चपासून! डॉक्टर नाताळापुढचं काही बोलत नाहीत. मार्चमध्ये देणार कोणाला, तुझ्या थडग्याला?

बरं, हे त्यांना सांगितलं कोणी? तूच. फॉर्मवर तुझ्याच ठसठशीत अक्षरात आहे की फर्नांडच्या शेतावरचा बटाट्यांचा ट्रक दोन दिवस चालवला. एवढं सत्यवचनी व्हायला कोणी सांगितलं होतं? लहानपणीही तू असाच. चर्चमध्ये फादरना न केलेली पापंसुद्धा सांगून यायचास.

जर्मेननं तुझ्यासाठी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली. तिकडे बर्फ पडायला लागलं असेल, घर तापवायला तेल लागतं. तुझ्या माघारी तिनं ते घर विकायचं का, ते तूच ठरव.

लोभ आहे म्हणूनच हा जाळ.
तुझी ताई,
ओबलीन


सेंट अगाथा, मेन
ता. २० नोव्हेंबर १९९६

ती. वन्संना,
जर्मेनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. थडग्याची ओळ गाळली. ऐकून ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते अजून वळवलेलं नाही. म्हणून मी लिहिते आहे, ह्यांना न विचारता.

वन्सं, ट्रक ह्यांनी चालवलाच नाही. मी चालवला.

हंगामासाठी शाळा बंद झाली, सगळं गाव बटाटे काढायला शेतात, आणि हे खिडकीशी बसलेले. सहाव्या वर्षापासून एक हंगाम चुकला नाही, एवढंच रोज म्हणायचे. मला बघवेना. शेवटी फर्नांडला विचारून ट्रक मी घेतला, ह्यांना दोन उशा लावून शेजारी बसवलं, पायाशी बादली ठेवली. मला क्लच धड जमत नाही, तेव्हा प्रत्येक चढाला माझा उद्धार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांची शुद्धच गेली.

पण बांधावरची माणसं हात करायची ती ह्यांनाच. यंदाही क्लोव्हिसचाच ट्रक आला म्हणायची. फर्नांडनं ड्रायव्हरच्या वाट्याची तीन पिंपं बटाटे आणून दिले, तेही ह्यांच्या नावानं. मी कशाला काही बोलू? हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले त्या दिवशी. फॉर्म ह्यांनी एकट्यानं भरला, मला दाखवला नाही. मी गप्प बसले ते चुकलं. रागवायचं तर मला रागवा.

मोठ्यांना नमस्कार, आणि माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.
आपली,
जर्मेन


ब्रिस्टॉल
ता. २५ नोव्हेंबर १९९६

चि. क्लोव्हिस यास,
अ. आ.

तोंड इकडे कर. म्हणजे तू चक्क खोटं लिहिलंस! भत्ता मिळावा म्हणून लोक खोटं लिहितात. भत्ता बुडावा म्हणून लिहिणारा तू पहिलाच भेटलास.

मी भत्त्याच्या ऑफिसला फोन केला. तिथली बाई म्हणाली, अर्जदारानं दुरुस्तीचं पत्र द्यावं, आणि या माणसाच्यानं काम होत नव्हतं असं शेतमालकानं लेखी द्यावं. मी तिला म्हटलं, बाई, कारखान्यात एकोणतीस वर्षं एक खाडा न करणाऱ्या माणसाकडून तुम्ही हे लिहून मागताय. तिनं पत्ता पुन्हा एकदा सांगितला.

तुझा राग येतोच, पण त्यांचा मला दसपट येतो. तरी लिही. माझ्यासाठी नको, जर्मेनच्या डोक्यावरच्या छपरासाठी लिही.

लोभ शाबूत आहे.
ताई


सेंट अगाथा
ता. १९ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
क्लोव्हिसचा शि. सा. नमस्कार.

लिहिलं. ‘मी ट्रक चालवला नाही. मी शेजारी बसलो होतो. माझ्या बायकोनं चालवला.’ तीन वाक्यांना दोन दिवस लागले.

मग जर्मेन मला फर्नांडकडे घेऊन गेली. तो लिहायलाच तयार नव्हता. म्हणाला, कामाचा नाही असं मी कधी कोणाबद्दल लिहून दिलं नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच. शेवटी मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. उशा, बादली, शुद्ध गेली ते, सगळं. शेतावरच्या चौघांनी खाली सह्या केल्या. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. ताई, आजाराचा आला नाही एवढा राग मला त्या कागदाचा आला. डॉक्टरांची सही त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. ती पुरली नाही, माझ्या दोस्तांची पाहिजे होती.

काल निकाल आला. एप्रिलपासून पूर्ण अपंग, भत्ता ऑक्टोबरपासून. आता घर राहील म्हणून जर्मेन रडली. मी ‘पूर्ण’ हा शब्द बघत बसलो.

पिंपं मी फर्नांडला परत पाठवली होती. ट्रक चालवला नाही तर वाटा कसला? आज सकाळी तो तीच पिंपं घेऊन दारात हजर. मी हुज्जत घालायला लागलो, तर म्हणाला, ही ड्रायव्हरची आहेत, तू मध्ये बोलू नकोस. तिन्ही झाकणांवर खडूनं जर्मेनचं नाव होतं. ती एप्रनला हात पुसत नुसती उभी राहिली.

तो गेल्यावर तिला सांगितलं की दुसऱ्या दिवशी शुद्ध जाईपर्यंत मला तिची एकही चूक सापडली नव्हती, उद्धार मी सवयीनं करत होतो. हे कोणत्या फॉर्मवर लिहायचं ते ठाऊक असेल तर कळव.

नाताळला नक्की ये. वाट बघण्यापुरता दम माझ्यात आहे. बसथांब्यावर न्यायला येतो. गाडी जर्मेन चालवेल. मी शेजारी बसेन.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा,
क्लोव्हिस